लव्हॉनने भरलेली काडतुसं

दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे मोंटानातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. दारू जरा जास्त पडली, तर बंदूक तोंडावरच फुटते. ऑरिन ट्वेटने हा नियम जन्मभर मोडला, कारण त्याची काडतुसं बायको भरायची. लव्हॉन दारूचा दाणा न् दाणा तोलायची. ऑरिनने झाडल्या, की शंभर यार्डांवर तिच्या पाच गोळ्या एकाच भोकातून जायच्या. दुर्बिणीला डोळा लावून ती म्हणायची, "चुकलास तर खापर माझ्यावर फोडू नकोस हं!"

मग ती विसरायला लागली. शेगडीवरची कॉफी, एकदा तर लेकीचं नाव. ऑरिनने तराजू कुलपात टाकला.

"माझ्या हातावर भरवसा नाही ना उरला?" तिने विचारलं. त्याने किल्ली खिशात टाकली.

मार्चमध्ये ती गेली. एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस जवळ आले तेव्हा कपाटात तिचा शेवटचा डबा सापडला, त्या विसरभोळ्या दिवसांतलाच, तराजू कुलपात जाण्याआधी भरलेला. ऑरिनला ना आनंद झाला, ना रडू आलं. मार्चपासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. तराजू काढून घेतला ते बरोबर केलं का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

"पाच झाडून बघतो," तो शेजारच्या मर्लला म्हणाला.

"आणि फुटली म्हणजे? वर जाऊन तिलाच विचारणार? अरे, शेवटी शेवटी ती मला कुत्र्याच्या नावाने हाक मारायची! उघड सगळी आणि दारू तोलून बघ."

ऑरिनने एकेक काडतूस काडतूस उघडायच्या पोकळ हातोड्यात अडकवून फरशीवर आपटलं. गोळी पुंगळीतून निसटली, दारू ताटलीत पडली. तोलली. बरोबर. ती वाडग्यात ओतली. दुसरं बरोबर. तिसरंही. एखादं तरी चुकलेलं निघावं, असं त्याला वाटत होतं. म्हणजे आपण सुटलो. डबा संपला, तरी काटा केसभरही हलला नाही.

मर्लने शिट्टी वाजवली. "म्हातारीचा हात शेवटपर्यंत शाबूत होता की रे! चल, भरून टाक परत."

समोर रिकाम्या पुंगळ्या होत्या, सुट्या गोळ्या होत्या आणि वाडग्यात दारूचा एकच ढीग.

"भरीन," ऑरिन म्हणाला. "पण मग ती काडतुसं माझी होतील, तिची नव्हेत."