अढीत गेलेलं शेवटचं प्रकरण

माझे यजमान गेले तेव्हा त्यांची कादंबरी लिहून झाली होती, पण मी ती वाचलेली नव्हती. नेपानगरच्या कागद गिरणीत त्यांची नोकरी झाली. रिळाच्या कडेचा कापून निघालेला कागद तिथल्या कामगारांना घरी नेता येई. पिवळसर, खरखरीत. त्याच कागदावर त्यांनी लिहिलं. मोगलांच्या काळातलं बुऱ्हाणपूर, जरीचं काम करणारी एक बाई आणि वाटसरूंच्या सराईमधला एक कारकून. बाई त्याला सोडून जाते आणि सहा वर्षांनी परत येते.

मीही गेले होते. आमचं मूल तीन महिन्यांचं होऊन गेलं, आणि तिसऱ्या दिवशी हे डबा घेऊन पाळीवर गेले. ते मला सोसलं नाही. चार वर्षं मी माहेरी राहिले. परत आले तेव्हा त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं. का गेलीस, हे तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. ते गप्प राहणं म्हणजे राग, असंच मी जन्मभर समजत आले.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात धीर करून गठ्ठा सोडला. बाई शहराच्या दरवाजाशी येऊन उभी राहते, तिथे पानं संपली. शेवटचं प्रकरण त्यांनी वेगळं बांधून माळ्यावर ठेवलं होतं. माळा रिकामा होता. आदल्याच दिवशी धाकटी जाऊ बहादरपूरहून येऊन तो झाडून गेली होती. मी फोन केला.

“तो पिवळा गठ्ठा? केळी पिकवायच्या अढीत घातला ना भाभी. पंगतीला केळी नकोत का?”

तिची चूक म्हणवत नाही. गिरणीच्या वसाहतीतल्या घरांत त्या कागदात आम्ही चपात्या गुंडाळल्या, फळ्यांवर तो अंथरला. त्यावर कुणी काही लिहीत असेल, हे तिला कुठून सुचणार?

रिक्षा करून मी बहादरपूरला गेले. अढीची खोली उबट होती. गोणपाट, त्याखाली पेंढा, त्याखाली कागद. अढीतल्या केळ्यांना घाम येतो आणि तो कागद पाणी लगेच पितो, एवढंच मला दिसत होतं.

“आज उघडली तर निम्मी कच्ची राहतील,” जाऊ दारात आडवी उभी राहिली. “परवा पन्नास माणूस जेवायला येणार. काय सोनं बांधलंय त्यात?”

“कादंबरी आहे. तुझ्या भाऊजींची.”

“मग तर तिच्या उबेनं भराभर पिकतील,” ती हसली. माझ्याकडे पाहिलं आणि तिनं जीभ चावली. मग स्वतःच गोणपाट ओढलं.

आम्ही दोघी केळ्यांची एकेक फणी उचलून खालचा कागद सोडवत गेलो. बहुतेक पानांवर नुसते निळे डाग होते. एक हातात फाटलं. एक तिनं उजेडासमोर धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. भिंतीकडच्या कोपऱ्यात एक पान निम्मं कोरडं निघालं. मी खाली बसले आणि मोठ्यानं वाचलं, कारण मनात वाचण्याचं बळ नव्हतं.

“का गेलीस, असे कारकुनाने तिला विचारले नाही. ती खरे सांगेल, याची त्याला भीती होती. ते खरे त्याला ती गेली त्याच दिवशी कळले होते.”

त्याखाली शाई फुटली होती. मी पान उजेडाकडे धरलं, तिरकं केलं. एकही अक्षर लागेना.

जाऊ हातात फणी घेऊन तशीच उभी होती. “मग? ती आली का घरात?”

“आली,” मी म्हणाले. “पण तिनंही सांगितलं नाही.”