पायांना दिलेलं आमंत्रण

युसेबिया काउइचने तीस वर्षं गावातल्या मेलेल्यांची हाडं पुसली. पुरल्यावर तीन वर्षांनी हाडं वर काढायची, कबरस्तानात लाकडी पेटीत ठेवायची, आणि मेलेले पायी घरी येतात त्या मृतांच्या दिवसांआधी दर वर्षी ती ब्रशने झाडून खाली दोऱ्याने नाव भरलेला नवा रुमाल अंथरायचा, हा तिथला रिवाज. ज्यांचा हात धजावत नसे ते युसेबियाला बोलावत. आधी पाय पुसायचे आणि पुसतापुसता त्यांना सांगायचं, सणाला कुणाच्या घरी जेवायला यायचं ते. पायांना दिलेलं आमंत्रण परत घेता येत नाही. कवटी सगळ्यात शेवटी.

आजी तिला सांगे, की हाडं पुसणं जुन्या माया लोकांचं, संतांच्या सणाची तारीख मात्र जहाजातून आलेल्या पाद्र्यांनी चिकटवली. तेव्हा हे काम घरच्यांपुरतं, गुपचूप चाले. आता मेक्सिको सिटीहून बसेस येतात. पोरी तोंडावर कवट्या रंगवून फोटो काढतात, आणि ते चेहरे बघून युसेबिया मान फिरवते.

यंदा नगरपालिकेच्या एल्वीराने कहर केला. फोटोत छान दिसाव्यात म्हणून सगळ्या जुन्या पेट्या फेकून नव्या रंगीत पेट्या आणल्या, आणि मजुरांनी एका दुपारात दीडशे मेलेली माणसं इकडची तिकडे केली. पुसायचा कार्यक्रमसुद्धा ऐन सणाच्या सकाळी, बसेसच्या वेळेला.

"मावशी, जरा कॅमेऱ्याकडे तोंड करा ना. आणि थोडं हसा!" एल्वीरा म्हणाली.

"नवऱ्याची हाडं पुसतेय गं बाई, लग्नाचा फोटो नाही काढत."

लोक हसले. पेटीवर नाझारियोचं नाव होतं, रुमालही तिनेच भरलेला. कवटी मात्र वर नव्हती, तळाशी कुठेतरी गेली होती. "हात झडोत त्या मेल्या मजुरांचे," ती पुटपुटली आणि पायांची हाडं उचलली. "चला, घरी चला. कोंबडी घातलेली मक्याची भाकरी निखाऱ्यांच्या खड्ड्यात भाजायला घातलीय."

मग डावी नडगी हातात आली. ती सरळ होती.

नाझारियोची डावी नडगी घायपाताच्या मळ्यावर मुकादम फर्मिनने काठीने मोडली होती. ती वाकडी जुळली आणि तो जन्मभर पाय घासत चालला. फर्मिन त्याच्या आधी मेला, तरी मरताना नाझारियोने बायकोकडे एकच मागितलं होतं: "त्या माणसाची सावली आपल्या दारात पडू देऊ नकोस."

युसेबियाला पेटी बंद करावीशी वाटली, पण सुरू केलेलं अर्धवट टाकता येत नाही. फासळ्या झाल्या, हात झाले. तळाशी कवटी निघाली. तिच्यात सोन्याचा दात होता, आणि गावात सोन्याचा दात एकाचाच होता.

"एल्वीरा, हा फर्मिन आहे. माझा नवरा कुठाय?"

फर्मिनच्या नावाची पेटी उघडली. आत कुणा नाजूक बाईची हाडं होती. युसेबिया पुढच्या पेटीकडे धावली, मग तिच्या पुढच्या. एल्वीराने तिचा हात धरला.

"उद्या शांतपणे शोधू, मावशी. मेलेलं माणूस कुठे पळून जातंय का?"

"मेलेलं माणूस आजच चालतं," युसेबिया म्हणाली. पण बसमधली माणसं वाट बघत होती, आणि पहारेकऱ्याने तिला गोड बोलून फाटकाबाहेर काढलं.

संध्याकाळी तिने नाझारियोचं ताट मांडलं, मग घाईघाईने उचलून ठेवलं. वाट दाखवायची मेणबत्ती लावलीच नाही. दाराला कडी घातली, कडीत लाकूड सरकवलं, आणि पाठ टेकून बसली. दीडशे पेट्यांमध्ये कुठेतरी तिचा नवरा न पुसलेला, कुणी न बोलावलेला पडला होता. तिला त्याची मनापासून माफी मागायची होती.

अंगणात पावलं वाजली. युसेबियाने दाराला कान लावला. पाय घासत यावा, एवढंच ती मागत होती.

दोन्ही पावलं सारखी पडत होती.