पाणपोईजवळचा थांबा

अकोल्याहून बदली होऊन मी अमरावतीच्या शाळेत रुजू झालो, ते छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरचं दुसरं वर्ष. तायडे गुरुजींची पहिली भेट शाळेतल्या माठाजवळ झाली. त्यांनी माझा उजवा हात क्षणभर जास्तच हातात धरला, मग गार पाण्याचा पेला भरून दिला. मी तो घटाघटा प्यालो आणि आपण किती सुधारलेले, म्हणून स्वतःवरच खूश झालो.

गुरुजींचा एक शिरस्ता आहे. शाळा उघडण्याआधीच्या रविवारी ते आम्हा शिक्षकांना पायी गाव दाखवतात. कोणत्या विहिरीवर त्यांच्या लोकांना मज्जाव होता, चहावाल्याने वेगळे कप कुठे टांगले होते, देवळाच्या कोणत्या पायरीवरून मागे फिरावं लागे. त्यांचा आवाज कुठेही चढत नाही.

शेवटचा थांबा कापूसबाजारातली जुनी पाणपोई. तरुणपणी मास्तरकीच्या परीक्षेसाठी गुरुजी तिवशाहून बहिणीला घेऊन पायी आले होते. पाणपोईवरच्या लहान मुलाने दुरून वेळूच्या नळीतून पाणी सोडलं आणि ओंजळ पुढे होताच हसत नळी बाजूला ओढली. असं तीनदा. धुवून आणलेला एकुलता सदरा भिजला, घसा कोरडाच राहिला. ते तसेच परीक्षेला बसले आणि पास झाले.

पहिल्यांदा हे ऐकून माझा संताप झाला. मी सर्वांदेखत म्हणालो, "नाव सांगा गुरुजी त्याचं. अशा माणसाले तोंड दाखवाची लाज वाटली पायजे."

"लायना व्हता तो. मोठ्यायनं शिकवलं तेच केलं त्यानं," गुरुजी म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या भगिनी यशोदाबाई सोबत होत्या. पाणपोईजवळ त्या म्हणाल्या, "सुदामा, त्या पोट्ट्याच्या हाताले सा बोटं व्हती, ते काहून नाई सांगत तू?"

"बोटं मोजाले नाई आलो आपण, बाई. चाल समोर."

माझा उजवा हात खिशात गेला होता. त्याला सहा बोटं आहेत. लहानपणी गावाहून वडिलांच्या कापसाच्या बैलबंडीबरोबर येऊन मी त्याच पाणपोईवर बसत असे, पुण्याचं काम म्हणून. मला वेळूची नळी आठवते. समोरचा माणूस आठवत नाही. या गोष्टीने मी जो हादरलो तो अजून सावरलेलो नाही. गुरुजींनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि प्यायला पाणी दिलं होतं.

गुरुजींना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं, या इच्छेत यंदा माझा स्वार्थ आहे. येत्या रविवारी पाणपोईजवळची हकीकत मी सांगणार आहे, हात खिशाबाहेर ठेवून. तेव्हा ते समोर हवेत.