बसून पाहिलेली फरशी

त्या बाई मला अकोल्यात, फरशीच्या दुकानात, एकदाच भेटल्या. घराला जोडून आम्ही पुढे मोठा ओटा बांधायला घेतला होता आणि त्यावर काय बसवायचं यावरून नवरा-बायकोत आठवडाभर वाजत होतं. मला लाकडासारखी दिसणारी टाइल हवी होती, हिला काळं चकचकीत ग्रॅनाइट.

बाई अकोटहून स्वतःच्या ओट्यासाठी आल्या होत्या. नमुने दुकानापुढच्या अंगणात मांडले होते. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि एकेका नमुन्यावर चक्क बसून पाहायला लागल्या. तापलेल्या ग्रॅनाइटवरून टुणकन उठल्या आणि स्वतःच हसल्या. लाकडी टाइलच्या रेघा त्यांना टोचल्या. खडबडीत शहाबादीवर मात्र त्यांनी ऐसपैस पाय पसरले.

"बसा न वो बाई, उभ्या काहून?" त्या हिला म्हणाल्या.

ही बसली. मग मीही टेकलो. लेकीच्या बाळंतपणापासून यंदाच्या कापसापर्यंत गप्पा झाल्या. दुकानदारानं चहा आणला आणि तोही बसला. शेवटी मीच म्हणालो, "आता फरशीचं बोलू या."

"आता काय बोलाचं?" कप खाली ठेवत बाई म्हणाल्या. "एवढ्या वेळचे बसलो, कोनी उठलं काय?"

आम्ही शहाबादीच घेतली. बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आता संध्याकाळी ओट्यावर पाणी मारलं की अर्धी गल्ली येऊन बसते, आणि कामावरून आल्यावर माझ्याच ओट्यावर मला जागा शोधावी लागते.