दिलीपच्या मायची झोळी

सकाळी आम्ही दोघांनी मिळून नातवाच्या झोळीची दोरी बदलली. तेच आमचं दोघांचं शेवटचं काम. मी वर चढून छताच्या सरीला गाठ मारत होतो आणि खालून दिलीपची माय ओरडत होती, "बैल बांधी ऱ्हायनात का? पोर शे ते!" मी म्हटलं, मग तूच चढ. तिनं ऐकलंच नाही. ज्वारीचं अर्धं पोतं झोळीत टाकलं, हिसके मारले, गाठ टिकली तेव्हा म्हणाली, "आते बठ्ठं बरोबर शे."

तिचं नाव द्वारका. आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नसत, म्हणून दिलीपची माय. माहेर दोंडाईचाकडचं. वरणगावजवळच्या आमच्या गावात जन्म गेला, पण बोली माहेरचीच राहिली. इकडच्या बायका हसायच्या. ती म्हणायची, "हसा, हसा. मनं काय जास?"

नातू झाला आणि घराची झोप गेली. दिलीप दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीवर. घरात सून मंगला, आम्ही दोघं आणि ते पोर. चार घोट प्यायचं, डोळे मिटायचं, खाली ठेवलं की किंचाळायचं. मंगला रडायची, "आत्याबाई, माझं दूधच पुरत नाही."

शेजारची इंदूअक्का रोज पायरीवर येऊन बसायची. "शेरडीचं दूध पाजा, वर जायफळ चाटवा. पोर झोपंल, तुम्हीबी झोपाल." विहीणबाई तर जळगावहून बाटलीच घेऊन आल्या. दिलीपच्या मायनं ती घेतली, धुतली आणि तिच्यात गोडेतेल भरून फळीवर ठेवली. विहीणबाईंना म्हणाली, "चांगली शे. कामले ऊनी."

दवाखान्यातल्या नर्सबाईनं पोर तोललं. वजन चांगलं वाढतंय, अंगावरचंच पाजा, वरचं काही देऊ नका, एवढी पोरं जागतातच, असं सांगितलं. सांगणं सोपं. जागणाऱ्या पोराला धरून कोण फिरणार? ती फिरायची. पोराचं पिऊन झालं की उचलायचं, खांद्यावर टाकायचं आणि अंगणात चालायला लागायचं. मंगलाला म्हणायची, "तू पड. जागस ते जागू दे त्याले. मी शे ना." पोर तोंड शोधायला लागलं की परत आणून आईच्या छातीशी. मधे मंगलापुढे भाकर आणि मेथीची भाजी. ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलायची नाही. चालून चालून टाचा फुटल्या. मी म्हणायचो, बस की जरा. "बसाले गई का हाऊ उठस."

एवढा हट्ट कशापायी, ते मला ठाऊक होतं. आमची पहिली पोर. तीपण अशीच जागायची. माझ्या आईनं दूध पुरत नाही म्हणून बाटली लावली. पोर झोपायला लागली, घर खूश. हिचं दूध आटलं. मग पोरीला हगवण लागली आणि ती गेली. त्यावर दिलीपची माय कधी बोलली नाही. दिलीप झाला तेव्हा मात्र माझ्या आईला दारातच सांगितलं, "पोरले हात लावा. बाटली नका लावू." सासूशी असं बोलणारी बाई तोवर आमच्या गल्लीनं पाहिली नव्हती.

दोरी बदलली त्याच दुपारी तिनं पोर मंगलाच्या मांडीवर दिलं, "छाती दुखस" म्हणाली आणि भिंतीला टेकली. मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. दिलीप आला, दिवस मावळायच्या आत स्मशानातलं सगळं आटोपून आम्ही परत आलो.

दुसऱ्या सकाळी घर बायकांनी भरलेलं. चूल बंद. मंगला रडून सुजलेली, पोर किंचाळतंय. इंदूअक्का लोटीभर शेरडीचं दूध आणि वाटी-चमचा घेऊन आली. "रडत्या बाईचं दूध पोराला बाधतं. हेच पाज आता. सांभाळणारी गेली, तुला एकटीला कसं जमंल?" मंगलानं वाटी हातात घेतली. चमचासुद्धा भरला.

सासऱ्यानं सुनेच्या दुधाबद्दल तोंड उघडू नये अशी आमच्याकडची रीत. मी उघडलं. "ठेव ती वाटी, पोरी. तुझंच पाज."

मी लोटी उचलली. आलेल्या माणसांसाठी शेजारच्या ओट्यावर चहा उकळत होता, त्यात सगळं दूध ओतलं. इंदूअक्का मागून आली. "भाऊ, डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरू दे. चहा पी."

मग उंबऱ्याबाहेर पाठ करून उभा राहिलो. आत पोराचं किंचाळणं थांबलं. बऱ्याच वेळानं मंगलानं हाक मारली, "आबा." मी आत गेलो, पोर खांद्यावर घेतलं. त्याच्या तोंडाला दुधाचा वास होता.

"तू पड," मी म्हटलं. पुढचं माझ्या बोलीत आलंच नाही. "मी शे ना."

अंगणात चालायला लागलो. एकदा बसून पाहिलं. पोर उठलं. परत चालायला लागलो.