कोपऱ्यातला हात

पापडी गावच्या मैदानावर बास्केटबॉलच्या मुलींना रेषेबाहेरून चेंडू आत टाकायची चाल खडूने काढून दाखवत होतो. बोटांना पूड लागली आणि खूप वर्षांपूर्वीच्या एका सामन्यातला, माझ्या संघातल्या विल्सनचा वर केलेला हात डोळ्यांसमोर आला.

ही चाल मी त्याच्यासाठीच आखली होती. दोघांनी आडोसा द्यायचा, त्याने कोपऱ्यातून लांबचा नेम मारायचा. त्या सामन्याला खेळाडूंसाठी राखलेली एक नोकरी द्यायला एका कंपनीचे साहेब आले होते. निवड आम्हा दोघांतच होती.

"दे रे, दे!" विल्सन अगदी मोकळा होता. मी मुद्दाम दुसऱ्याला चेंडू दिला. आम्ही जिंकलो आणि नोकरी मला लागली.

"मी दिसलोच नाय ना तुला?" त्याने हसत मिठी मारली.

"नाही रे."

तो अजून वालीवच्या कारखान्यात पत्रे कापतो.

"सर, कोपऱ्यातली दिसलीच नाही तर?" एका मुलीने विचारलं.

"दिसते," मी म्हणालो.