आठ दिवस न धुतलेली चादर

लॉन्ड्रीकाकूंच्या घरात कमावती माणसं दोन, आणि दोघांचे धंदे एकमेकांच्या मुळावर. काका डोंगरावरच्या दगडखाणीत क्रशर चालवतात, म्हणजे दगड फोडून खडी करायचं यंत्र. त्यातून उडालेली धूळ सरळ खाली येते आणि काकूंनी वाळत घातलेल्या दवाखान्याच्या चादरींवर बसते. नवऱ्यानं उडवायची, बायकोनं धुवायची! चोवीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि काकू ते हसत हसत सांगायच्याही.

पण यंदा हसू आटलं. दवाखान्यानं एका महिन्यात दोनदा गठ्ठा परत पाठवला, चादरींवर करडे ठिपके म्हणून. तिसऱ्यांदा असं झालं तर काम दुसऱ्याला देणार, असं मेट्रनबाईंनी तोंडावर सांगितलं. त्यातच खाणमालकाला आणखी दहा वर्षांची परवानगी हवी होती आणि त्यासाठी शाळेत जनसुनावणी लागली. खाण बंद झाली तर काकांची नोकरी जाणार, आहे तशीच चालली तर काकूंची लॉन्ड्री. काकूंना दोन्ही हवं होतं. का असू नये?

"नुसतं धूळ धूळ म्हणून ओरडलीस तर कोण ऐकणार?" काका म्हणाले. "मालक पुरावा मागेल."

"दाखवते की!" काकूंनी एक पांढरी चादर दोरीवर टाकली आणि फर्मान काढलं, आठ दिवस हिला कुणी हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी चादर मळकट झाली, सहाव्या दिवशी पार राखाडी. काकू खूश!

घरात एकाच माणसाला हे सोसवेना. सासूबाईंना. लॉन्ड्री त्यांनीच सुरू केलेली. पंचाहत्तरी उलटली तरी उशीचा अभ्रा मळका दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. येता-जाता त्या चादरीकडे बघायच्या आणि "काय हे ध्यान!" म्हणून तोंड फिरवायच्या.

सुनावणीच्या दिवशी सकाळी काकू दवाखान्यात गठ्ठा देऊन परत आल्या, तर दोरीवर चादर पांढरीशुभ्र!

"आई! अहो, काय केलंत हे?"

"काय केलं म्हणजे? चार लोकांत न्यायची चादर ती. असली घाण घेऊन गेली असतीस, तर आपल्या लॉन्ड्रीचं नाव काय राहिलं असतं?"

काकू मटकन खाली बसल्या. आठ दिवसांचा पुरावा सफाचट, आणि तोही नीळ घालून! रडावं की हसावं, कळेना. आपण काय करून बसलो ते सासूबाईंच्याही ध्यानात आलं, तशा त्या ओशाळल्या. मग हळूच म्हणाल्या, "पहिलं पाणी मी अजून टाकलेलं नाही."

साबण लावायच्या आधी कपडा नुसत्या पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी निवळलं की झाडांना घालायचं, ही त्यांची जन्माची सवय. दोघींनी बादलीतलं वरचं पाणी अलगद ओतून काढलं. तळाचा गाळ काचेच्या लहान बरणीत भरला. चांगला दोन बोटं भरला.

सुनावणी घेणाऱ्या मॅडमच्या टेबलावर काकूंनी ती बरणी ठेवली. "एका चादरीवरची धूळ. आठ दिवसांची."

"म्हणजे खाण बंद करा, असं म्हणणं आहे तुमचं?"

"छे हो! ही शाळा त्याच दगडाची. दवाखान्याचा रस्ताही त्याच खडीचा. पूर्वी त्या चिखलातून माणसं आजाऱ्याला खांद्यावर न्यायची, मी पाहिलंय ते. खाण राहू दे. पण ही धूळ तिकडेच ठेवा. चादर मी धुते हो, पोरांच्या छात्या कशा धुवू?"

मालकानं बरणी हातात घेऊन फिरवून पाहिली. तेवढ्यात मागच्या बाकावरून काका उठले. मालक समोरच बसलेला, तरी ते बोलले. "मॅडम, पाण्याचा फवारा तीन वर्षं बंद आहे. मी दोनदा सांगितलंय. एका दिवसाचं काम आहे, मी करतो."

चोवीस वर्षांत काकूंनी नवऱ्याकडे इतक्या कौतुकानं कधी पाहिलं नव्हतं.

परवानगी मिळाली, पण अटी घालून. क्रशर चहूबाजूंनी झाकायचा, फवारा रोज चालवायचा, वारा वस्तीकडे असेल तेव्हा सुरुंग लावायचा नाही. आणि दर महिन्याला काकूंच्या दोरीवर एक चादर आठ दिवस टांगून तिची बरणी मॅडमकडे पाठवायची. ही शेवटची अट मालकापेक्षा सासूबाईंना जड गेली. ते आठ दिवस त्या दोरीकडे पाठ करून बसल्या.

त्या महिन्यात दवाखान्यातून एकही गठ्ठा परत आला नाही. नवव्या दिवशी चादर भिजवायचा मान अर्थातच सासूबाईंचा. पाणी निवळलं, गाळ बरणीत गेला. त्यांनी बरणी उजेडात धरली, हलवली, पुन्हा बघितली. बरणीचा तळसुद्धा धड झाकला नव्हता.

"एवढंच?" त्या सुनेवर कडाडल्या. "आणि एवढ्याशासाठी आठ दिवस माझे हात बांधून ठेवलेस होय गं!"